पहिली कौटुंबिक मोटरबोट : किंमत आवाक्यात, हिशेब अवघड

वस्तू व सेवा कराच्या नव्या रचनेची अंमलबजावणी 22 सप्टेंबर 2025 पासून झाली, तेव्हा सर्वत्र चर्चा झाली ती मोटारी, दूरचित्रवाणी संच आणि दैनंदिन वापराच्या वस्तू स्वस्त होण्याची. त्याच निर्णयात विहार व क्रीडेसाठीच्या नौकांचा कर 28 टक्क्यांवरून थेट 40 टक्क्यांवर गेला, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पूर्वी या नौकांवर 3 टक्के भरपाई उपकरही असे. तो धरला तरी प्रत्यक्ष वाढ 9 टक्क्यांची आहे. यॉट म्हणजे धनिकांची चैन, हा या निर्णयामागील विचार उघड आहे आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की कररचनेच्या भाषेत 100 फुटी आलिशान यॉट आणि चौकोनी कुटुंबाला रविवारी खाडीत फिरवून आणणारी 16 फुटी फायबरची मोटरबोट एकाच ओळीत बसतात.

अशी छोटी नौका घेऊ इच्छिणाऱ्यांचा वर्ग देशात आजही लहानच आहे, परंतु तो केवळ मुंबईच्या धनाढ्य वस्त्यांपुरता राहिलेला नाही. अलिबाग, मुरुड, मालवण परिसरात दुसरे घर बांधणारे नोकरदार, गोव्यात मांडवी आणि झुआरीच्या काठी राहणारी कुटुंबे, कोची व कुट्टनाड भागातील व्यावसायिक आणि धरणांच्या फुगवट्याशेजारी शेतजमीन घेतलेले शहरवासी यांत आहेत. कुट्टनाडमध्ये अथवा ब्रह्मपुत्रेतील माजुली बेटावर नाव हे चैनीचे नव्हे, जाण्या-येण्याचे साधन आहे. तेथील घरांना 'पहिली नाव कोणती घ्यावी' हा प्रश्न पिढ्यानपिढ्या पडत आला आहे आणि त्याचे उत्तर गावातील सुतार देत आला आहे. नवा खरेदीदार मात्र मोटार घेण्याच्या सवयीने बाजारात उतरतो. अडचण येथूनच सुरू होते.

पाच आणि चाळीस

कररचनेत दुसऱ्या टोकाला मत्स्यनौका आहेत. त्यांच्यावर 5 टक्के कर आहे. मासेमारी हा उपजीविकेचा व्यवसाय असल्याने ही सवलत योग्यच आहे. परंतु 40 आणि 5 या आकड्यांमधील दरी एवढी मोठी आहे की ती खरेदीदाराच्या निर्णयावर परिणाम केल्यावाचून राहणार नाही. उदाहरणादाखल, करापूर्वी 8 लाख रुपये किंमत असलेल्या विहारनौकेवर 3 लाख 20 हजार रुपये कर पडतो. त्याच किमतीच्या मत्स्यनौकेवर तो 40 हजार होतो. आयातीचा मार्गही सोपा नाही. यॉट व तत्सम नौकांवरील सीमाशुल्क 2013-14 च्या अर्थसंकल्पात 10 टक्क्यांवरून 25 टक्के करण्यात आले, तेव्हापासून परदेशी बनावटीची छोटी नौका मध्यमवर्गीयाच्या यादीतून जवळजवळ बाद झाली.

अशा स्थितीत ज्याचे अंदाजपत्रक मर्यादित आहे, त्याची नजर साहजिकच जुन्या नौकांकडे वळते. आणि जुन्या नौकांच्या बाजारात सर्वांत सहज, सर्वांत स्वस्त मिळते ती वापरातून निघालेली मासेमारी नौका. वर छत, आत बाके, बाहेरून रंगाचा हात, की झाली विहारनौका, असा हा सरळ हिशेब वाटतो.

हा हिशेब किती महाग पडू शकतो, हे केरळने पाहिले आहे. मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे 7 मे 2023 रोजी सायंकाळी पर्यटकांनी भरलेली नौका उलटून 22 जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी 11 जण एकाच कुटुंबातील होते. ती नौका मुळात मासेमारीची होती. तिच्यात बदल करून ती प्रवाशांसाठी वापरली जात होती आणि तीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. राज्य सरकारने न्यायमूर्ती व्ही. के. मोहनन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. ही व्यावसायिक नौका होती, कौटुंबिक नव्हे, हे खरे. परंतु पाण्याला हा भेद कळत नाही.

मासेमारी नौकेचे वजन आणि तोल यांचा विचार कारागिराने एका विशिष्ट कामासाठी केलेला असतो. जाळी, बर्फ आणि मासळी हे ओझे तळाशी, खाली असते. प्रवासी बाकावर, म्हणजे वर बसतात. छतावर किंवा वरच्या मजल्यावर गेले तर आणखी वर. गुरुत्वमध्य जसजसा वर सरकतो, तसतशी कललेली नौका पुन्हा सरळ होण्याची शक्ती कमी होते. त्यातच मासळीची टोपली जागची हलत नाही. माणसे मात्र हलतात. डॉल्फिन दिसला की सगळे एका कडेला धावतात. केरळातीलच तेक्कडी येथे 30 सप्टेंबर 2009 रोजी 45 पर्यटकांचा बळी घेणाऱ्या दुर्घटनेनंतर एका बाजूला झालेल्या गर्दीचा मुद्दा ठळकपणे पुढे आला होता. म्हणून स्वस्तातली मासेमारी नौका घेऊन तिच्यावर छत चढवणे हा काटकसरीचा मार्ग नाही. काही हजारांत केलेला तो रचनाबदल नौकेच्या मूळ आराखड्याच्या विरुद्ध असतो, आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडील नोंदणीवर ती विहारासाठी वापरणे नियमांतही बसत नाही.

किती माणसे, कोणते पाणी

नवी असो वा जुनी, नौका पाहण्यापूर्वी खरेदीदाराने दोन गोष्टी कागदावर मांडाव्यात, असे या क्षेत्रातील जाणकार नेहमी सांगतात. नौकेत प्रत्यक्षात किती माणसे बसणार आणि ती कोणत्या पाण्यात चालणार, या त्या दोन गोष्टी होत. लांबी, रंग, इंजिनाची कंपनी हे सर्व त्यानंतरचे.

पहिल्या बाबीत भारतीय कुटुंब हमखास चुकते. 16-17 फुटी उघडी नौका साधारणतः पाच-सहा जणांसाठी बनवलेली असते. सरासरी 75 किलो धरले तर सहा माणसांचे वजन 450 किलो होते. इंधन, बॅटरी, नांगर, दोर आणि पिण्याचे पाणी मिळवले की ते 500 किलोच्या पुढे जाते. परंतु घरी पाहुणे आले, आत्या आणि तिची मुले आली, की 'बसतील सगळे' असे म्हणत नऊ-दहा जण चढतात. मोटारीत दाटीवाटीने बसल्यास प्रवास त्रासाचा होतो, एवढेच. नौकेत त्याच दाटीने पाण्याच्या पातळीपासून काठापर्यंतची उंची घटते आणि शेजारून गेलेल्या मोठ्या बोटीची लाट आत येण्यास वाव मिळतो. वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 रोजी 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या, त्या शांत तलावाच्या पाण्यात. तेथेही नौका क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

दुसरी बाब पाण्याची. युरोपीय प्रमाणपत्र असलेल्या नौकांवर 'अ' ते 'ड' अशा अर्थाच्या चार श्रेणी नोंदवलेल्या असतात. त्यांतील तिसरी, म्हणजे 'सी' श्रेणी, किनाऱ्यालगतच्या आणि सुमारे 2 मीटरपर्यंतच्या लाटांसाठी असते. शेवटची 'डी' श्रेणी आडोशाच्या पाण्यासाठी, जेथे लाट अर्ध्या मीटरच्या आतच राहते. धरणाच्या फुगवट्यावर सुखाने चालणारी सपाट तळाची 'डी' श्रेणीची नौका मुंबईहून मांडव्याला नेणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. उलट इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या खोल तळाची नौका लाटा कापत जाते, पण तिला अधिक ताकदीचे इंजिन लागते, ती अधिक इंधन खाते आणि उभी असताना डोलते. उथळ खाडीत ती गाळात रुतण्याचीही शक्यता असते. एकच नौका सर्व पाण्यांसाठी उत्तम असू शकत नाही. विक्रेते तसे सांगतात, हा भाग वेगळा.

देशी बनावटीच्या बहुतेक छोट्या नौकांवर अशी श्रेणी लिहिलेली नसते. तेव्हा नोंदणीपत्रात आणि सर्वेक्षण दाखल्यात कोणत्या जलक्षेत्राची मुभा आहे, हे वाचणे भाग पडते. अंतर्देशीय नौका अधिनियम, 2021 या कायद्याने 1917 चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द केला. नव्या कायद्यात लाटांच्या उंचीनुसार जलक्षेत्रांचे विभाग पाडण्याची तरतूद आहे, एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य आहे, आणि यंत्रचलित नौकेला नोंदणी, सर्वेक्षण व विमा यांचे बंधन आहे. 2016 च्या कायद्यानंतर देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले असल्याने, राज्याच्या सीमेवर नव्याने परवानगी घेण्याची जुनी पद्धत संपणे आवश्यकच होते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, गोव्यात बंदर कप्तान खात्याकडे, तर केरळात त्या राज्याच्या सागरी मंडळाकडे आहे. जुनी नौका घेताना विक्रेत्याकडे ही कागदपत्रे चालू स्थितीत नसतील, तर किमतीत कितीही सूट मिळाली तरी व्यवहार टाळावा. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातील दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवून मुंबईत आले होते. त्यानंतर किनाऱ्यावर विनानोंदणी नौकेकडे पोलीस आणि तटरक्षक दल ज्या नजरेने पाहतात, ती नजर कुटुंबवत्सल मालकासाठी बदलत नाही.

गोड्या पाण्याचेही स्वतःचे नियम आहेत. अनेक धरणे पिण्याच्या पाण्याची वा संवेदनशील सुरक्षेची आहेत. कोयनेच्या शिवसागर जलाशयात सुरक्षेच्या कारणाने नौकाविहारावर दीर्घकाळ निर्बंध होते. मुनावळे येथील जलपर्यटन प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला, तो हे निर्बंध शिथिल झाल्यावर. फुगवट्याशेजारी जमीन आहे म्हणजे त्या पाण्यात नौका उतरवण्याचा हक्क आहे, असे होत नाही. खरेदीआधी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी मिळते का, हे पाहिलेले बरे.

इंजिन आणि 30 लिटर पेट्रोल

मर्यादित अंदाजपत्रकात बाहेरून बसवायचे, म्हणजे आउटबोर्ड इंजिन हाच व्यवहार्य पर्याय आहे. ते उचलून दुरुस्तीला नेता येते, उथळ पाण्यात वर घेता येते, आणि त्याच्या पेट्रोलची वाफ नौकेच्या पोटात साठत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. आतील इंजिनाच्या बंद कप्प्यात ती तळाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. डिझेलचे आतील इंजिन अधिक सुरक्षित आणि किफायतशीर आहे, पण छोट्या नौकेला ते जड पडते. चिलिका सरोवरात किंवा सुंदरबनात शेतीपंपाचे डिझेल इंजिन लांब दांड्याला जोडून चालवल्या जाणाऱ्या नौका दिसतात. दुरुस्तीसाठी गावचा मेकॅनिक पुरे, हा त्यांचा गुण मोठा आहे. मात्र त्या आवाजात आणि उघड्या फिरत्या दांड्याजवळ लहान मुलांना बसवणे योग्य नव्हे.

टू-स्ट्रोक इंजिन स्वस्त, हलके आणि साधे असते. फोर-स्ट्रोक महाग असते, पण पेट्रोल कमी जाळते आणि धूरही कमी करते. वर्षाला 40-50 तासच नौका चालणार असेल, तर इंधनाच्या बचतीतून फोर-स्ट्रोकची जादा किंमत वसूल होण्यास बरीच वर्षे लागतात, हे विक्रेता सांगत नाही. तरीही कुटुंबासाठी फोर-स्ट्रोकच घ्यावे, कारण ते संथ गतीवर न अडखळता चालते आणि एकदा बंद पडले तर सहज पुन्हा सुरू होते. वाहत्या ओहोटीत हा गुण पेट्रोलच्या दरापेक्षा मोलाचा ठरतो.

40 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला अंदाजे 14-15 लिटर पेट्रोल घेते. मध्यम वेगात हा आकडा 8-10 लिटरवर येतो. लिटरला शंभर रुपये धरले तर तासाचा खर्च हजार रुपयांच्या घरात जातो. पण खरी अडचण दरापेक्षा वेगळीच आहे. बहुतेक जेट्यांवर पेट्रोल पंप नाही. पेट्रोल कॅनमधून न्यावे लागते, आणि पेट्रोलियम अधिनियम, 1934 नुसार विनापरवाना जवळ बाळगता येते ते 30 लिटरपर्यंतच. नौकानयनातील जुना नियम असा, की इंधनाचा एक भाग जाण्यासाठी, एक परतण्यासाठी आणि एक राखीव. म्हणजे 30 लिटरमधील 20 लिटरच वापरायचे. गेट वे ते मांडवा हे अंतर फार मोठे नाही. तेथवर जाऊन परतण्याएवढे हे इंधन मध्यम वेगात पुरते, पण पुढे काशीदपर्यंत जाण्याचा बेत तेवढ्यात बसत नाही.

समुद्रात जाणाऱ्याने राखीव इंजिनाचाही विचार करावा. आसाममध्ये निमाती घाटाजवळ 8 सप्टेंबर 2021 रोजी दोन नौकांची टक्कर झाली. त्यानंतर राज्य सरकारने खासगी एकइंजिनी प्रवासी नौकांवर बंदी जाहीर केली. कौटुंबिक नौकेला तो आदेश लागू नसला तरी त्यामागील तर्क लागू आहे. 4-5 अश्वशक्तीचे जुने इंजिन, आणि तेही परवडत नसेल तर वल्ह्यांची जोडी व पुरेसा लांब दोर असलेला नांगर, एवढे तरी नौकेत असावे.

वर्षाचे किती दिवस

खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागते. नौका ठेवण्याचा खर्च मात्र दरवर्षी येतो, आणि बहुतेकांचे अंदाजपत्रक येथेच कोसळते. भारताच्या किनारपट्टीची लांबी पूर्वी 7,516 किलोमीटर मानली जाई. नव्या मोजणीनुसार ती 11,099 किलोमीटर आहे. एवढ्या किनाऱ्यावर विहारनौकांसाठी बांधलेले, वीज-पाण्याची सोय असलेले तळ बोटांवर मोजण्याइतके आहेत. कोचीतील बोळगट्टी येथील मरिना हे त्यांतील जुने उदाहरण. मुंबई बंदर प्राधिकरणाने सुमारे 400 नौकांसाठीच्या मरिनाची निविदा 2025 मध्ये काढली, परंतु तेथे जागा मिळवणाऱ्यांत 16 फुटी नौकेचे मालक किती असतील, याविषयी शंका घेण्यास वाव आहे.

तोपर्यंत उरते ती नांगरावरची जागा किंवा ट्रेलर. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक 5 मीटरच्या आसपास जातो. सकाळी जेटीला लागलेली नौका दुपारी चिखलात बसलेली आढळते. ट्रेलरवर नौका घरी नेता येते, तळाला शेवाळ व शिंपले धरत नाहीत आणि चोरीची भीती कमी होते. पण त्यासाठी ओढणारी दणकट गाडी हवी, ट्रेलरची नोंदणी हवी आणि पाण्यापर्यंत जाणारा उतार हवा. किनाऱ्यावरील बहुसंख्य गावांत असा सार्वजनिक उतार नाही, आणि आहे तो मच्छीमारांच्या वहिवाटीचा आहे. तेथे पहाटे मासळी उतरत असताना विहारनौका घेऊन जाणाऱ्याचे स्वागत होत नाही. ते स्वाभाविकही आहे.

पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट समुद्र बंद. सप्टेंबरही अनिश्चित. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने उरतात. त्यांतही फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचे खारे वारे जोर धरतात आणि सकाळी आरशासारखा दिसणारा समुद्र तीन वाजता फेसाळतो. मे महिन्यात अंतर्भागातील जलाशयांवर वळवाची वादळे येतात. उजनीच्या फुगवट्यावर कुगाव ते कळाशी मार्गावर 21 मे 2024 रोजी सायंकाळी अशाच वादळी वाऱ्यात नौका उलटून सहा जण दगावले. नोकरदार कुटुंबाला हे सर्व वजा जाता वर्षाकाठी 15-20 दिवस मिळाले तरी पुष्कळ. तेवढ्याच दिवसांसाठी परवानाधारक चालकासह भाड्याने घेतलेली नौका अनेकदा स्वस्त पडते, आणि दोन-तीन कुटुंबांनी लेखी करार करून एकत्र घेतलेली नौका हा त्याहून बरा पर्याय ठरतो. ज्याला स्वतःच नौका चालवायची आहे, त्याने खरेदीपूर्वी गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी पॉवरबोट हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे. काही दिवसांच्या त्या वर्गात आपल्याला हा छंद मानवतो की नाही, हेही कळते.

सुरक्षेच्या साधनांत काटछाट करू नये, हे सांगण्याची गरज नसावी, पण बाजारातील स्थिती वेगळे सांगते. 50 न्यूटनचे स्वस्त जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठीचे तरंगण्याचे साधन आहे. पोहता न येणाऱ्याला, विशेषतः मुलांना, 100 न्यूटन किंवा अधिक क्षमतेचे, मानेमागे आधार असलेले आणि त्यांच्याच मापाचे जॅकेट लागते. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात मूल त्यातून निसटते. चालकाच्या मनगटाला अडकवायची, तो पडताच इंजिन बंद करणारी दोरी काही शे रुपयांची असते आणि बहुतेक जुन्या नौकांमध्ये ती हरवलेली असते. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक मोबाइलवर चालतो खरा, पण किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलची लहर टिकेलच असे नाही. नौदलाच्या वेगवान नौकेने 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात 'नीलकमल' या प्रवासी नौकेला धडक दिली. त्या दुर्घटनेत 15 जणांचा बळी गेला. अनेकजण वाचले ते आसपास मदतीला धावून येणाऱ्या नौका होत्या म्हणून. रेवदंड्यापुढे किंवा एखाद्या निर्जन जलाशयात आसपास कोणी नसते.

जुन्या नौकेची पारख पावसाळ्यात करणे सोयीचे. तेव्हा नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तळ पूर्ण दिसतो आणि विक्रेतेही भाव सोडण्याच्या मनःस्थितीत असतात. इंजिन टांगलेली मागची फळी अंगठ्याने दाबून आणि लाकडी ठोकणीने वाजवून पाहावी. आतले प्लायवूड कुजले असल्यास आवाज बद्द येतो, आणि ती दुरुस्ती नौकेच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढी होऊ शकते. तळावर फोड आहेत का, तळातील पाणी उपसणारा पंप चालतो का, इंजिनाच्या थंडाव्याच्या मार्गात मीठ साचले आहे का, हेही पाहावे. किनाऱ्यावर सुरू होणारे इंजिन भाराखाली चालेलच असे नाही. म्हणून किंमत पावसाळ्यात ठरवली तरी निम्मी रक्कम हाती राखून, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळल्यावर, घरच्या माणसांइतकेच वजन चढवून पाण्यात तासभर चाचणी घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.